अडीच फूट

मेन लाईन कुणीतरी आधीच करून ठेवलेली:
भुसावळ, जळगाव, म्हसावद, पाचोरा,
सिग्नल तंतोतंत, मालडब्यांवर गंजसुद्धा.
पण पाचोऱ्याच्या शेवटच्या फलाटापलीकडे
नुसता हिरवा सपाट रंग.
तिथं जग संपायचं.
आमची गाडी तिथूनच सुटायची.

मी दालमिलच्या ऑफिसात.
रात्री तुरीचं शेवटचं पोतं काट्यावरून उतरलं
की हिशेबाची खिडकी मिटवून
रूळ टाकायला बसायचो.
रुंदी सातशे बासष्ट. मिलिमीटर.
प्रोग्रामनं विचारलं, नक्की का?
म्हटलं, नक्की.

झाडांच्या यादीत ओक होता, पाईन होता,
बाभूळ नव्हती.
तीन रात्री एका बाभळीला लागल्या,
मग तीच सतराशे वेळा लावली,
दर खेपेला थोडी फिरवून,
कुणाच्या लक्षात यायला नको म्हणून.
प्रवासी मिळाले ते ओव्हरकोट घातलेले.
शेंदुर्णीच्या फलाटावर, मे महिन्यात!
काढून टाकले. फलाट रिकामा बरा.
भोंगा आतेभावाच्या जुन्या मोबाईलमधला;
त्यात एक शेळी ओरडते.
आवाज कितीही छाटला तरी ती उरतेच.

नकाशा म्हणाला, पहूरच्या अलीकडे जमीन सपाट.
सुभान तडवी म्हणाले, "सपाट?
माझ्या गुडघ्यांना विचार."
चौतीस वर्षं चावीवाले,
खांद्यावर हातोडा,
सकाळी आठ किलोमीटर जायचं, तेवढंच परत.
"इथून चढ लागतो.
बिडी अर्धी व्हायच्या आत दम लागतो."
बिडीचं गणित मला जमेना,
अंदाजानं टाकला: दीडशेला एक.
इंजिन तिथं खरोखर धापलं.

एका रविवारी त्यांना मिलवर आणलं,
इंजिनाच्या खिडकीत बसवलं,
हँडल दाखवलं, वेग पंचवीसचा.
वरखेडी गेलं, पिंपळगाव गेलं.
ते गप्प.
मग म्हणाले, "खाली उतरता येतं का रे?"

येतं. एक बटण आहे.
गाडी उभी केली, कॅमेरा जमिनीवर आणला.
बाण दाबला की माणूस चालतो.
ते चालू लागले,
एका बोटानं, रुळांच्या मधोमध,
स्लीपरमागून स्लीपर,
चेहरा इतका जवळ की काचेवर श्वास.
अर्धा तास. चहावर साय धरली.
म्हटलं, पुढं जामनेर आहे, गाडीनं जाऊ,
तर न बघताच हात वर केला,
फाटकावर बैलगाडी थांबवावी तसा.

लहान पुलापाशी थबकले.
एक, दोन, तीन मोजलं.
"हिच्यात काही नाही."
"कुणात?"
"ही चावी ढिली व्हती. रोज ढिली.
आज ठोकली की उद्या ढिली.
साहेब बदलले, लोखंडी स्लीपर बदलला,
हिची खोड गेली नाही.
बाकीच्या टण्ण म्हणायच्या, ही ठप्प.
तुझ्या तर सगळ्याच घट्ट दिसतात."
मी हसलो. त्यांनी बोट बाणावरून उचललं.
"मग माझं इथं काम काय?"

ते गेल्यावर वखारीच्या लोखंडी दारावर
पाना आपटून पाहिला. टण्ण.
मागं तुरीचं भरलेलं पोतं लावलं,
पुन्हा आपटला.
तो दुसरा आवाज नेऊन ठेवला
पुलापासून तिसऱ्या स्लीपरखाली.
गाडी वरून जाते तेव्हा
चाकांची लय एका ठोक्यापुरती अडखळते.

परवा भाच्यानं पूर्ण लाईन चालवून पाहिली,
पाचोरा ते जामनेर, शेळीसकट.
म्हणाला, मामा, सगळं झकास,
फक्त त्या पुलापाशी काहीतरी ढिलं आहे.

म्हटलं, हो.
उद्या ठोकतो.